स्वीटीची दोन मिनिटं

दुपारच्या खिचडीनंतर चौथीला गणित शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. प्रशिक्षणात सांगितलं होतं, मध्येच दोन मिनिटं पोरांना उठवा, हलवा, मग पुढे शिकवा. मला ते रिकामटेकड्यांचे उद्योग वाटले. करून पाहिलं, तर पोरं खरंच ताजीतवानी झाली. हार मानावी लागली, आणि मला ती आवडत नाही.

अडचण एकच, स्वीटी. तिला सिकलसेल, रक्ताचा आजार. एक उडी मारली की रात्रभर हाडं ठणकायची. सगळे नाचत असताना ती एकटीच बसून नखं खायची. एकदा म्हणाली, "मॅडम, मले उड्या मारता येत नाई, पण हुकूम तं सोडता येते ना?"

त्या दिवसापासून हुकूम तिचा. "बगळा!" की सगळे एका पायावर. "बेडूक!" की उड्या. शेवटी "दगड!" की जो तो जागच्या जागी गप्प, आणि मी खडू उचलायचे. माझ्या ओरडण्याला भीक न घालणारी पोरं त्या काडीएवढ्या पोरीचा शब्द खाली पडू देत नसत. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

थंडीत एके दिवशी तिला वर्गातूनच सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही.

नंतर एकदा मी "बगळा" म्हणून पाहिलं. कुणी उठलं नाही. "ते स्वीटी म्हणते," पुढे बसणारा लहानू म्हणाला. मी तो खेळच बंद केला.

मग तिचे वडील गोमाजी तिचं राहिलेलं दप्तर न्यायला आले. ते घेऊन निघताना पेंगणाऱ्या वर्गाकडे पाहत दारातच थबकले.

"मॅडम, पोट्टे उठत नाईत का आता?"

"नाही."

"घरी मलेच बेडूक बनवे. अंगणात उड्या मारायले लावे. शेजारचे हासत."

त्यांनी दप्तर खाली ठेवलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बगळा!"

अख्खा वर्ग उभा राहिला, एका पायावर.

"बेडूक!"

पोरं उड्या मारू लागली. गोमाजीही धोतर सावरत मारू लागले. पोरं आधी हसली, मग रडू लागली, पण थांबली नाहीत. सगळी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. आता फक्त "दगड" म्हणायचं उरलं होतं. गोमाजींना ते म्हणवेना. मलाही म्हणवेना. पोरं धापा टाकत उड्या मारत राहिली.