नभोनाट्यातले बिनभिंतीचे दार

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. कोणाचाच बसत नाही. मी एक जुने दार आहे, आणि माझ्यातून चार राजे, एक अख्खे सैन्य आणि अडीच वाघ गेले आहेत. अर्धा वाघ कसा, ते विचारू नका. तेवढ्यात बातम्यांची वेळ झाली होती.

माझा जन्म जावा बेटावर, योग्याकार्ताच्या एका रेडिओ केंद्रात झाला. सुताराने सागवानी फळी चौकटीत बसवली, एका अंगाला कडी लावली, दुसऱ्या अंगाला कुलूप. घर मात्र दिले नाही. स्टुडिओच्या मधोमध मी एकटेच उभे. पुढे तीच खोली, मागेही तीच. कोणी आत आले काय, बाहेर गेले काय, मला सारखेच. आधी याचे वाईट वाटायचे. मग तेही वाटेनासे झाले.

मला वाजवायचा तुकिजो. घोड्यांच्या टापांसाठी त्याच्याकडे नारळाच्या दोन करवंट्या होत्या, बाकी सगळ्याला मी. मी करकरले की दूरच्या क्लातेन गावापर्यंतचे लोक उठून आपापल्या कड्या तपासत, अशी माझी कीर्ती!

रात्रभर चालणारी केतोप्राक ही लोकनाटके आणि जाडजूड जुन्या कादंबऱ्या तासाभरात बसवायचे काम पाक सुगोंदोंचे, म्हणजे सुगोंदोरावांचे. जे ऐकू येत नाही ते कापायचे, हा त्यांचा नियम. एकदा त्यांनी खोटा आळ आलेल्या सुनेचे नाटक घेतले. रंगमंचावर ते काम बू वागिराह, म्हणजे वागिराहबाई, वर्षानुवर्षे करायची. शेवटी ती सून अंबाडा सोडते, सासूला हात जोडते आणि निघून जाते. एक शब्द नाही. मांडवात हुंदके.

तालमीला बू वागिराहने कागद उलटसुलट करून पाहिले.

“पाक, माझं काम कुठं गेलं?”

“बू, तुमचं काम बघायचं होतं. आता ऐकायचं आहे. जाताना एक वाक्य देतो की. ‘सासूबाई, मी निघाले.’”

“चांगल्या घरची सून जाताना असं तोंड उघडते होय? बोलणारी असती तर तिच्यावर ही वेळच आली नसती.”

“मग गप्प राहणार? लोक रेडिओला थापडा मारतील!”

“आणि बॅटरी गेली म्हणून शिव्या मला,” तुकिजो म्हणाला.

सुगोंदोंनी माझ्याकडे पाहिले. “बरं. दार लावून जा.”

तुकिजो खो खो हसला. “सासूच्या पेंडोपोत दार? अहो, खांबांवर छप्पर, भिंत औषधालाही नाही! बाई लावणार काय, वारा?”

“रेडिओला डोळे नसतात रे. दार ऐकू आलं की भिंती लोकच बांधून घेतात.” मग ते हळूच म्हणाले, “बू, हेही जमलं नाही, तर पुढच्या नाटकाला मला दुसरा आवाज बघावा लागेल.”

प्रक्षेपणाच्या दिवशी बू वागिराहने कागद खाली ठेवला. कोणी पाहणार नव्हते, तरी अंबाडा सोडला. हात जोडले. माझ्यातून पलीकडे गेली आणि तिने मला लावले, इतके हलके की कडी खणकली नाही, नुसती टक् करून टेकली. सुगोंदो चष्मा पुसत राहिले. तुकिजोच्या हातातली करवंटी तशीच राहिली. मला काही वाटले नाही. मी दार आहे.

आता मी अडगळीत आहे. बिजागऱ्या गंजल्या, वाळवी खालून वर चढते आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, अधूनमधून थेंबभर तेल घाला. बू वागिराहला माझी किंमत कळली होती. त्यानंतर प्रत्येक नाटकात तिला काम मिळाले, आणि दर वेळी ती आधी माझ्या चौकटीवर हात ठेवून म्हणायची, “बाबा रे, सांभाळ...”

“खोटं! साफ खोटं!” शेजारच्या करवंट्या एकमेकींवर आपटल्या. “कसली येतेय! तुला लावलं, मग स्टुडिओचं खरं दार उघडलं आणि गेली ती गेलीच. पुढच्या नाटकात दुसरीच बाई होती. तिनंही तुला लावलं. आणि तू अगदी तसंच वाजलंस.”