दोन्ही काचा

आमच्या घरात धुरकट काच टिकत नाही. नवरा चष्मे बनवतो. समोरच्याच्या चष्म्यावर बोटाचा ठसा दिसला, की ह्यांचा हात खिशातल्या फडक्याकडे जातो. बोलता बोलता पाहुण्याच्या नाकावरचा चष्मा काढून, पुसून परत लावलेला मी स्वतः पाहिलाय. आणखी एक खोड म्हणजे, गिऱ्हाईकाच्या एका काचेला ओरखडा आला तरी दोन्ही घासून द्यायच्या. "एक डोळा लख्ख आणि एक मळका, असा माणूस माझ्या दुकानातून बाहेर पडणार नाही," असं वर ऐकवतात. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे मला कुणी तापट म्हणणार नाही.

गाडी माझी. विजेवर चालणारी, अजून नवीच म्हणायची. मी दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत पोचवते. पहाटे अंधारात निघावं लागतं. त्यामुळे डावा हेडलाइट आधी धुरकटला आणि मग एका संध्याकाळी गपकन बंदच पडला, तेव्हा माझं कामच अडलं. प्रयोगशाळेच्या बाईंनी तर स्पष्टच सांगितलं, "सोमवारी दुपारी गाड्यांची तपासणी आहे, ताई. दिवा लागला नाही तर तुमचं काम दुसऱ्याला द्यावं लागेल." ते काम मी किती हेलपाटे घालून मिळवलं होतं, ते माझं मला माहीत.

शनिवारी आम्ही दोघं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथला सल्लागार हसतमुख होता. दिव्यासमोर उकिडवा बसला, आत टॉर्च मारला आणि म्हणाला, "आत पाणी शिरलंय. या मॉडेलला होतं असं, सीलच कच्चं निघालं. काळजी करू नका मॅडम, वॉरंटीत आहे. अख्खा दिवा फुकट बदलून देतो. आज हा गेलाय, उद्या दुसराही जाईल. तेव्हा या, तोही देऊ."

माझ्या जिवात जीव आला.

उठता उठता त्यानं काचेवरून अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. "काचेला कुणी काही केलंय का?"

मी ह्यांच्या दंडाला चिमटा काढला. पण ह्यांची छाती आधीच फुगली होती.

"मीच घासलीय! आधी बारीक पॉलिश पेपर, मग माझी चष्म्याची पेस्ट, शेवटी मऊ फडकं. एक ओरखडा सापडला तर बोला!"

ओरखडा सापडला नाही. सल्लागाराचं हसू मात्र गेलं.

"साहेब, त्यावर कारखान्यात दिलेला थर होता. तो गेला. काचेवर असं काही केलं की वॉरंटी संपते."

"अहो, पण पाणी आतून शिरलंय! तुम्हीच म्हणालात ना?" मी म्हटलं.

"म्हणालो. पण कंपनी आता मानणार नाही, मॅडम."

"मग नुसता बल्ब बदला."

"यात वेगळा बल्ब नसतो. सगळा मिळून एकच बंद डबा. तो बदलायचा आणि मग गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये त्याची नोंद करायची." आणि त्यानं किंमत सांगितली.

मला वाटलं, हा गाडीचीच किंमत सांगतोय. पुन्हा विचारलं, तर तोच आकडा. तेवढ्या पैशांत आमची आधीची गाडी आली होती, तीही टाकी भरून!

"सोन्याचा आहे का हो?" मी विचारलं. तो हसला नाही.

मग माझा मोर्चा ह्यांच्याकडे वळला. "अंगणात खसाखसा काय चाललंय म्हणून विचारलं, तर 'तुला सरप्राइज' म्हणे! छान दिलंत सरप्राइज!"

हे खाली बघत म्हणाले, "नव्या मशीनसाठी पैसे ठेवलेत ना, ते घालू. तुझं काम जायला नको."

दुकानातलं काचा घासायचं जुनं मशीन इतकं थरथरतं, की संध्याकाळपर्यंत ह्यांची बोटं बधिर होतात. नव्या मशीनचं चित्र गल्ल्यावर कधीपासून चिकटवून ठेवलंय. माझा राग अर्ध्यावरच विरला.

"जाऊ दे. माझ्यासाठीच केलंत, कळतं मला," मी म्हटलं आणि पैसे भरले. सोमवारी सकाळी गाडी तयार ठेवतो, असं सल्लागारानं कबूल केलं.

गाडी तिथेच ठेवून आम्ही बाहेर निघालो. दारापाशी मी म्हटलं, "चला, एकावर निभावलं. दुसरा गेला तर तो तरी फुकट मिळेल."

हे जागच्या जागी थांबले. स्वतःचा चष्मा काढला आणि फडक्यानं पुसायला लागले. चष्मा स्वच्छच होता.

"अहो, काय झालं?"

"अगं," ते म्हणाले, "मी कधी एकच काच घासतो का?"

मी मागे वळून पाहिलं. उजवा दिवा लख्ख चमकत होता. त्याच्या खालच्या कोपऱ्यात, आतून, नखाएवढं धुकं धरलं होतं.