झाडाचं गोड

साखरेची पुडी मी चुलीत टाकली तेव्हा माझी नणंद जनी ओरडली, "वयनी, डोकं फिरलं का गो तुजं?" व्हय, फिरलंच व्हतं. घरचा धनी खंगत चालला, पायाचं बोट काळं पडलं, आनि ही त्याला साखर घालून चहा देते! मी कपसुद्धा तिच्या हातातनं हिसकून घेतला. तोंडाला येईल ते बोलले. बिचारी रडत परड्यात गेली. मला काय वाटलं न्हाय. मी नवरा वाचवत व्हते ना.

आमचे हे माड चढणारे. हरिहरेश्वराच्या अलीकडे आमची वाडी. सरकारनं माडी बंद केली तेव्हा दोन वर्सं आमी पेजेवर काढली. मग नीरा केंद्र निघालं, परवाना आला, तसे हे परत कमरेला कोयती खोचून चढाय लागले. पहाटेची नीरा उतरवायची, मडक्याला आतनं चुना लावलेला असतो म्हणून ती आंबत न्हाय. आमच्यात रीत हाय. जो माड चढला त्यानं खाली उतरून पयली वाटी बुंध्याशी बसून प्यायची, मगच मडकं दुसऱ्याच्या हातात द्यायचं. न पिता दिलं तर माड रुसतो, फुलोऱ्याची पोय सुकते. यांचे बारा माड. रोजच्या बारा वाट्या.

आधी यांना तहान लागली. हंडाभर पाणी प्यायचे तरी जीभ कोरडी. मग हे लघवीला बसायचे त्या मोरीच्या दगडाला मुंग्या धराय लागल्या. मग एक दिवस माडाच्या खाचेत पाय चिरला, आनि यांना त्याचा पत्ताच न्हाय! अंगणात रक्ताची पावलं मी बघितली. "अवो, पाय बघा तुमचा," म्हटलं, तर हे हसले. "दुखत न्हाय गो," म्हणाले. दुखत न्हाय म्हणून मला बरं वाटलं. काय अक्कल माझी!

जखम भरेना. डॉक्टरकडे जायचं म्हटलं तर सगळे म्हणाले, डॉक्टर पाय कापतो. पाय कापला तर माड कोण चढणार? मी बोर्लीला अनंता मास्तरांकडे गेले. शाळेतनं निवृत्त झालेला मानूस, निसर्गोपचाराचं वेड. स्वतः हातसडीचा तांदूळ खातात, चहाला शिवत न्हायत. माझं सगळं ऐकून घेतलं आनि म्हणाले, "रंगूबाई, हा मधुमेह आहे. गिरणीत पांढरी केलेली साखर म्हणजे विष, ती घरातून घालवा. झाडानं दिलेलं गोड, माशीनं दिलेलं गोड, ते शरीराला बाधत नाही." दक्षणा दिली तर घेतली न्हाय. देवमानूस वाटला मला.

मग मी कंबर कसली. उखळात तांदूळ सडले, हाताला फोड आले तरी सडले. कातकरी बाजारात मध घेऊन यायचे, त्यांच्याशी भांडून भांडून चोख मध घेतला. नीरा आटवून घरी गूळ केला, त्यात बाहेरच्या साखरेचा कण पडू दिला न्हाय. सकाळी वाट्या नीरेच्या, दुपारी मध, संध्याकाळी गुळाची खीर. हे म्हणायचे, "रंगू, तोंड नुसतं गोड गोड झालंय." मी दटावायची, "गप खावा. औषद हाय ते."

तीन महिन्यांत मानूस अर्धा झाला. मला वाटलं कमी पडतंय. मी मध वाढवला.

शिमग्याच्या आधी पायाला वास यायला लागला. जनी नाकाला पदर न लावता जखम धुवायची, मला ते बघवायचं न्हाय. ताप चढला तेव्हा मात्र माझा धीर सुटला. बैलगाडीत घालून दिघी गाठली, तिथनं मचव्यानं खाडी ओलांडून आगरदांडा, आनि मुरुडला एका डॉक्टरापुढे नेऊन घातलं.

डॉक्टरानं काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, यांच्या लघवीचे थेंब टाकले, दिव्यावर धरलं. बघता बघता ते विटेसारखं लाल झालं. डॉक्टर माझ्याकडे वळला. "गोड कोण देत होतं याला?"

"साखर शिवली न्हाय, देवाशपथ," मी म्हणाले.

"साखर, मध, गूळ, नीरा, पोटात गेल्यावर सगळं एकच, बाई. भातसुद्धा मोजून द्यायला हवा होता. पाय गुडघ्याखाली ठेवता येणार नाही. आजच मुंबईला न्या, नाहीतर माणूसच जाईल." आनि परत तेच, "कुणी दिलं?"

मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाकावर पडलेले हे बोलले, "मीच, डाक्टरसाहेब. माडाखाली चोरून प्यायचो. मधबी चोरून खाल्ला. हिनं लई राखलं मला, मीच ऐकलं न्हाय."

डॉक्टर त्यांच्यावर कडाडला. "बायको एवढी जपते आणि तुला लाज नाही?" यांनी पडल्या पडल्या हात जोडले. तापानं डोळे लाल झालेले. डॉक्टर मला म्हणाला, "तुम्ही अशाच जपा यांना." मी मान डोलावली. डोलावली हो मी! जीभ झडली का न्हाय माझी!

मुंबईची गाडी सुटायला अवकाश व्हता. स्टँडवर आंब्याखाली यांना टेकवलं तेव्हा मी फुटले. "का खोटं बोललात? मी मारलं तुमाला. माझ्या हातानं भरवून मारलं."

"हळू बोल, लोक बघतात," हे म्हणाले. मग जरा दम घेऊन म्हणाले, "माझा पाय जानारच हाय. तुझा हात भ्याला तर मला जेवायला कोन वाढील?"

मी डोळे पुसले. बांधून आणलेलं फडकं सोडलं. भाकरीचा घास मोडला, त्यावर सुकट ठेवली आनि त्यांच्या तोंडापाशी नेला. त्यांनी तोंड उघडलं. माझा हात तिथवर जाऊन थांबला, पुढं जाईचना.