पथ्य तिचं, ओटाही तिचाच

बायकोच्या गुडघ्यांनी टाइमसाहेबांची फार गैरसोय केली होती. चहाला उशीर, जेवणाला उशीर! आणि बस डेपोत तीस वर्षं गाड्यांची वेळापत्रकं आखून निवृत्त झालेल्या माणसाला उशीर म्हणजे शिवीच. टाइमसाहेब हे नाव त्यांना डेपोतच पडलं होतं आणि ते त्यांनी पदवीसारखं मिरवलं होतं.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, "दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. वजन उतरवा, आहार सुधारा आणि फार वेळ उभ्या राहू नका." यातलं शेवटचं टाइमसाहेबांनी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. आहाराचं मात्र मनावर घेतलं. घरी येताच पट्टी-पेन्सिल काढून त्यांनी तक्ता आखला: सहाला फळं, आठला उकडलेल्या भाज्या, अकराला मोड आलेली कडधान्यं, असं दिवसातून सहा वेळा, सगळं ताजं. बाकीच्यांना अर्थातच नेहमीचं चमचमीत हवं होतं. म्हणजे स्वयंपाक दोन झाले आणि करणारी तीच एक राहिली. पण एवढा विचार करायला डोकं लागतं, आणि ते सगळं तक्त्यात खर्ची पडलं होतं.

तीन आठवड्यांत दुखणं वाढलं. दोन गल्ल्या पलीकडे तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळून होती. तिच्याकडे जाऊन दीड महिना झाला होता.

"ताई रोज फोन करते हो. एकदा तरी जाऊन येईन म्हणते," ती म्हणाली.

"आधी पथ्य नीट पाळ," टाइमसाहेब गुरकावले.

"आई, तू गुपचूप काहीतरी खातेस का गं?" मुलाने विचारलं. हे चिरंजीव तिशीचे, तोंडात तळलेला घास, आणि हातातली रिकामी ताटली आईपुढे धरलेली. लाज म्हणून काही असते, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

शेवटी डॉक्टरांच्याच सल्ल्याने ते दोघं कायरोप्रॅक्टर बाईंकडे गेले. आखडलेला मणका आणि सांधे हातांनी मोकळे करणं हे त्यांचं काम. टाइमसाहेबांनी आधी दहा मिनिटं डेपोतली मर्दुमकी ऐकवली आणि मग तक्ता टेबलावर ठेवला.

"एवढं करूनही काडीचा फरक नाही. हिच्यातच काहीतरी खोट आहे."

बाईंनी तक्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "झिजलेला गुडघा नवा होत नाही, काकू. कुणी तसं म्हणालं तर विश्वास ठेवू नका. पण कंबर मोकळी झाली, वजन उतरलं, तर चालणं थोडं सोपं होईल. घरी ओट्याशी कशा उभ्या राहता, दाखवा बरं."

ती टेबलाशी उभी राहिली. उजवी टाच उचललेली, सगळा भार डाव्या पायावर, कोपर टेकलेलं.

"अशा किती वेळ?"

"सकाळी पाच तास. संध्याकाळी तीन."

"काहीतरीच!" टाइमसाहेब उसळले. "तक्त्यात प्रत्येक खाण्याला दहा मिनिटं आहेत!"

"ती खायला," ती शांतपणे म्हणाली. "करायला किती, ते तुम्ही लिहिलंच नाहीत."

बाईंनी मान वळवली. "साहेब, डेपोत एखाद्या ड्रायव्हरला रोज आठ तास, दुखऱ्या पायाने, गाडी चालवायला लावली असतीत?"

"छे! भलतंच काय! माणूस आहे तो!"

शब्द तोंडातून गेला आणि टाइमसाहेबांनी टेबलावरचा तक्ता हळूच स्वतःकडे ओढला.

"मग या कोण आहेत?" बाईंचा आवाज चढला. "आजारी माणसाचं खाणं आजारी माणसाकडूनच रांधून घेता, आणि गुण येत नाही म्हणून बोलही तिलाच लावता! याला पथ्य म्हणत नाहीत साहेब, राबवून घेणं म्हणतात!"

टाइमसाहेबांनी खाली मान घातली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना बायकोकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी ओट्याशी ते उभे राहिले. अर्ध्या तासात कंबर धरली, बोट भाजलं, भाजी करपली. मुलाने नाक मुरडलं.

"आजपासून आईचं तेच सगळ्यांचं," ते म्हणाले. "पटत नसेल तर ये आणि स्वतः कर."

चिरंजीव आले. सुरी कशी धरायची, इथपासून सुरुवात करावी लागली.

दोन महिने बाईंकडचे उपचार, सांगितलेले व्यायाम आणि साधं खाणं चाललं. तीन किलो वजन उतरलं. दुखणं गेलं नाही, पण कमी झालं. एका सकाळी ती काठी घेऊन, वाटेत एकदाच थांबून, बहिणीच्या दारात पोचली.

"बरे झाले वाटतं गुडघे!" बहिणीचे डोळे भरून आले.

"गुडघे आहेत तसेच आहेत गं, ताई. घराला जरा गुण आलाय."

तेव्हा मंडळी, घरातल्या दुखणाईताला पथ्य शिकवण्याआधी उठून स्वयंपाकघरात डोकावा. तिथे तीच उभी असेल, तर आपली अक्कल आपल्याजवळच ठेवा आणि तिच्या हातातला झारा घ्या!