प्रोसेसरवरच्या फुकट पंख्याची हकिकत

मित्रांनो, मला कोणी विकत घेतलेले नाही. कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो लोक विकत घेतात आणि त्याच्याच खोक्यात एका कोपऱ्यात मला कोंबलेले असते. भाजीवर कोथिंबीर द्यावी तसा कंपनी मला सोबत देते. कोथिंबिरीचे निदान नाव तरी घेतात.

तळहाताएवढा गोल पंखा, त्याच्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचे चक्र आणि चार बाजूंना चार प्लॅस्टिकचे पाय, असा मी आहे. प्रोसेसर काम करू लागला की तापतो. ती उष्णता माझ्या पत्र्यांमध्ये चढते आणि मी फिरून ती उडवून लावतो. मी हवा गार करत नाही. खोलीत जेवढी हवा गार असेल तेवढ्यावरच माझे भागते. परभणी जिल्ह्यातल्या मे महिन्यात ते कसे भागत असेल, याचा विचार कोणी केला नाही.

सेलूला कल्याणरावांच्या घरी माझे आयुष्य सुरू झाले. कल्याणराव कापसाचे व्यापारी. घरामागेच जिनिंगची, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याची, भिंत. हंगामात भिंतीपलीकडून रुईचे तंतू उडत यायचे आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर, दह्याच्या सायीवर, कपाळावर ओढलेल्या विभूतीवरही बसायचे. कॉम्प्युटर व्यापाराच्या पावत्यांसाठी घेतला होता. पहिल्या दिवशी कल्याणरावांनी कॅबिनेटला कान लावला आणि बायकोला, मल्लम्माला, म्हणाले, "आवाजसुदा येत न्हाई गं. लय गुणी हाय." माझ्या वाट्याला आलेले कौतुक तेवढेच.

त्या घरात एक पद्धत होती. दिवाळीच्या पाडव्याला वर्षाच्या पहिल्या खरेदीतली चिमूटभर रुई तराजूवर, तिजोरीवर, गाडीच्या बॉनेटवर ठेवायची. ती लक्ष्मी. ती वाऱ्याने गेली तर गेली, हाताने काढायची नाही. कल्याणराव कॉम्प्युटरलाही विसरले नाहीत. दर पाडव्याला कॅबिनेटच्या वरच्या जाळीवर ते श्रद्धेने रुई ठेवत आणि हात जोडत. दोनचार दिवसांत ती दिसेनाशी होई. ती कुठे जात होती हे फक्त मला ठाऊक होते. ती मीच ओढून घेत होतो. माझ्या पात्यांखाली, पत्र्यांच्या फटींमध्ये ती गच्च बसत होती. घरातल्या कुठल्या उशीत नसेल एवढा कापूस माझ्या छातीत साठला होता आणि वरून पाहणाऱ्याला मी नुसता फिरताना दिसत होतो.

कल्याणरावांना अप्पा म्हणणारी दोन मुले या घरात. थोरला शंभुराज आणि धाकटी महेश्वरी. दोघेही कॉम्प्युटरवर एकच खेळ खेळत. पाच जणांनी मिळून खेळायचा, बंदुकांचा. शंभुराज आधी शिकला. महेश्वरी त्याच्या खुर्चीमागे उभी राहून शिकली आणि वर्षभरात त्याला हरवू लागली. तेव्हापासून शंभुराज तिला नावाने हाक मारेनासा झाला. "ए तवा," म्हणायचा. ती खेळायला बसली की मशीन तापायचे, म्हणून तवा.

मशीन खरेच तापत होते. खेळ रंगात आला की प्रोसेसर नव्वद अंशांच्या वर जायचा. शंभराच्या जवळ पोचला की तो जीव वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो आणि मग पडद्यावरचे चित्र अडखळते. समोरचा शत्रू एका जागी दिसतो, गोळी मात्र दुसरीकडून येते. महेश्वरी मरायची. पडद्याच्या कोपऱ्यात तिने तापमानाचा आकडा लावून ठेवला होता. मरताना ती शत्रूकडे बघत नसे, आकड्याकडे बघत असे.

आणि शिव्या मला. "फुकटचा पंखा फुकटच असतो." "हा काय थंड करतो, फुंकर मारायलाय नुसता." एकदा शंभुराजने कॅबिनेटला अशी लाथ घातली की माझा एक पाय सैल झाला. मी तेव्हाही फिरत होतो. मित्रांनो, गळा दाबलेल्याला कोणी गात नाही म्हणून मारते का?

उन्हाळ्यात परभणीच्या हरिओमने निरोप धाडला. हरिओम एका संघाचा कप्तान. पुण्याला राज्यपातळीची स्पर्धा होती, त्याला धरून चार खेळाडू झाले होते आणि पाचवी जागा रिकामी होती. त्याने महेश्वरीला ऑनलाइन खेळताना पाहिले होते. त्याचा आवाज हेडफोनमधून मलाही ऐकू येई.

"खेळ चांगला हाय तुझा. पण मधीच पुतळा व्हायलीस. मशीन हाय का भाकरी भाजायची चूल?"

"नवा कूलर बसवते, भैय्या."

"बसव. रविवारी दुपारी चाचणी. अडकलीस तर विषय संपला. मग पुढच्या रविवारी तुज्या भावाला बघतो."

शंभुराज दारातच उभा होता. त्याने हे ऐकले.

महेश्वरीने मग फार मन लावून शोध घेतला. शंभुराज म्हणाला, पाण्याचा घे, रंगीत दिव्यांचा. तिने नकार दिला. पाण्याच्या कूलरला पंप असतो, पंप बिघडला की दुरुस्तीला औरंगाबाद गाठावे लागेल. तिने तांब्याच्या नळ्यांचा, उंच मनोऱ्यासारखा हवेचा कूलर निवडला. मल्लम्माच्या शिवणाच्या डब्यातली टेप आणून कॅबिनेटची रुंदी मोजली, झाकण लागेल ना याची खात्री केली, मेमरीच्या पट्ट्यांना त्याचा पंखा घासणार नाही हे पाहिले. मामाने वाढदिवसाला तो मागवून दिला. सगळे तिने बरोबर केले होते. फक्त मला उघडून बघावे, एवढे तिला सुचले नाही. मी वाईटच आहे असे सगळेच म्हणत होते, तीही म्हणत होती.

पार्सल शनिवारी सेलूत आले. शंभुराज ते आणायला गेला आणि "कुरियरवाल्याचं दुकान बंद होतं" म्हणून हात हलवत परतला. खोका त्याने रविवारी जेवणाच्या वेळेला आणला. बाहेर त्रेचाळीस अंश. चाचणी तोंडावर आलेली. महेश्वरीने स्क्रू-ड्रायव्हर घेतला तेवढ्यात आतून मल्लम्माने हाक दिली.

"महेश्वरी! जिंतूरचे पाव्हणे आलेत गं, पापड तळ आधी."

"आई, पाच मिंटं—"

"पाव्हण्यांसमोर हुज्जत घालतीस? ऊठ."

"जा," शंभुराज म्हणाला. "मी बसवून ठेवतो."

महेश्वरी थबकली. "तू?"

"मंग? तुज्यानं कूलरचा पाय तुटला तर अप्पा घरात घेतेल का तुला? जा, पापड जळतेल."

ती त्याच्याकडे पाहत होती. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने तिला तवा म्हटले नव्हते. ती गेली.

शंभुराजने मला उपटले. पंखा आणि पत्रे वेगळे केले तसा आतून दाबलेल्या रुईचा गोल, करडा गोळा टेबलावर पडला. तो त्या गोळ्याकडे बघत राहिला. मशीन कशाने तापत होते ते त्याला कळले. तो हसला, गोळा खिडकीतून बाहेर फेकला आणि मला टेबलाखाली भिरकावले. तिथून मला सगळे दिसत होते.

नव्या कूलरच्या तळाला पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते. तांब्यावर ओरखडे उठू नयेत म्हणून. तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलेले असते, बसवण्याआधी काढा. ती राहिली तर प्रोसेसर आणि तांबे यांच्यामध्ये प्लॅस्टिक अडकते आणि उष्णता वर चढत नाही. शंभुराजने पट्टीचे टोक नखाने उचलले. अर्ध्यापर्यंत सोलली. स्वयंपाकघराकडे पाहिले. पापडांचा वास येत होता. मग त्याने पट्टी परत खाली दाबली, अंगठ्याने नीट चोळून बसवली, तिच्यावर उष्णता वाहून नेणाऱ्या राखाडी पेस्टचा ठिपका टाकला आणि कूलर आवळून टाकला.

मी ओरडलो असतो. पण वीज नसली तर मला आवाज नाही.

महेश्वरी हात पुसत धावत आली. शंभुराजने मशीन चालू करून ठेवले होते. खेळ सुरू नव्हता, प्रोसेसरला काम नव्हते. आकडा बावन्न.

"बघ," तो म्हणाला. "थंडगार. आता तरी हारू नको."

"दादा, थँक्यू रे." तिच्या डोळ्यांत पाणी आले होते.

चाचणी सुरू झाली. पहिली फेरी तिने एकटीने जिंकून दिली. हेडफोनमधून हरिओम ओरडला, "वा गं वाघीण!" आकडा चौऱ्याऐंशी. दुसऱ्या फेरीत त्र्याण्णव. मग नव्व्याण्णव. चित्र अडखळले.  महेश्वरी आकड्याकडे बघत होती. निर्णायक फेरीत पडदा काळा झाला आणि मशीन बंद पडले.

ते पुन्हा चालू होईस्तोवर विषय संपला होता. "राहू दे," हरिओम म्हणाला. "तुमच्याकडं चूलच हाय."

"भंगार निघाला," शंभुराज मोठ्याने म्हणाला, पाव्हण्यांना ऐकू जाईल असे. "म्हणलं होतं पाण्याचा घे." ती उठायच्या आत त्याने झाकण काढले, कूलरला हिसका दिला, एक पाय कडकन मोडला, आणि तो मनोरा त्याने अंगणात फेकून दिला. तिने तो उघडून पाहू नये म्हणून एवढी घाई. पण महेश्वरी अंगणात गेली. उन्हात तापलेल्या फरशीवरून तिने तो उचलला आणि उलटा केला. पट्टी तशीच होती, वितळून सुरकुतलेली, लाल अक्षरे वाचता येत होती.

ती आत आली. पाव्हण्यांसमोरच तिने तो टेबलावर ठेवला. "दादा, हे काय हाय?"

"राहिलं असंल. घाई कुणाला होती?"

"सोलून परत चिकटवलंय. टोक दुमडलंय बघ."

कल्याणराव सुपारी कातरत होते. त्यांनी वर पाहिले नाही. "हारल्यावर माणूस कारणं शोधतंय. ठिवून दे ते."

"सख्खा भाऊ कशाला करंल असं?" मल्लम्मा म्हणाली आणि पाव्हण्यांकडे बघून हसली. पाव्हणेही हसले. शंभुराज सर्वांत शेवटी हसला.

 पाव्हणे गेल्यावर महेश्वरी टेबलाखाली वाकली आणि तिने मला बाहेर काढले. माझ्या फटींत अजून रुई होती. तिने ती चिमट्याने ओढली. बोटांत धरून कितीतरी वेळ पाहिली, मग वर जाळीकडे, मग भिंतीपलीकडच्या जिनिंगकडे. जुन्या टूथब्रशने तिने माझा एकेक पत्रा घासला. सैल पाय बसवला. जुनी पेस्ट पुसून नवी लावली. खेळ सुरू करून आकडा बघितला. चौसष्ट. ती खुर्चीत मागे टेकली आणि हसली. इतके वाईट हसू मी त्या घरात दुसरे ऐकले नाही.

नवा कूलर लागतच नव्हता. तिला ब्रश पुरला असता.

पुढच्या रविवारी शंभुराजची चाचणी होती. सकाळी तो तिच्याकडे आला. आवाज मऊ होता. "तू मशीन साफ केलंस म्हणं. आज दगा देणार न्हाई ना? काही केलं तर न्हाईस ना?"

"उघडून बघ की."

रुई आणि पट्टी सोडून आणखी काय बघायचे ते त्याला कळत नव्हते. ते तिला ठाऊक होते. तिने स्वतःच झाकण काढले, माझे चारही पाय त्याच्यासमोर दाबून दाखवले आणि झाकण लावले.

"कशाला करायलीस एवढं?"

"तू हारलास तर मशीनमुळं हारलो म्हणता येऊ नये."

ती त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली, पूर्वी शिकताना राहायची तिथेच. मी आयुष्यात कधी फिरलो नसेन इतका मोकळा फिरलो. चित्र एकदाही अडखळले नाही. शंभुराज पहिल्याच मिनिटाला मेला.

"एकसष्ट," महेश्वरी म्हणाली.

तो पुन्हा मेला.

"त्रेसष्ट. मशीन ठीक हाय, दादा."

"गप बस गं!"

"चौसष्ट."

 प्रत्येक मरणानंतर ती शांतपणे आकडा सांगत होती. चौघे जण हेडफोनमधून ऐकत होते आणि हसत होते. शेवटी हरिओमने विचारले, "शंभू, तुजंबी मशीन तापलं का?"

शंभुराजने तोंड उघडले. महेश्वरी पुढे वाकली आणि माइकमध्ये म्हणाली, "न्हाई तापलं."

"मग हा असाच खेळतो का?"

"असाच."

हशा पिकला. तो ओसरल्यावर ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "भैय्या, मशीन आता चांगलं चालायलंय. मला एकदा—"

"तुमच्या घरातलं कुणीच नको," हरिओम म्हणाला. "खामखा दोन रविवार गेले माझे. पालमचा एक पोरगा घेतलाय."

त्याने कॉल तोडला. शंभुराजने हेडफोन काढून टेबलावर आपटला. महेश्वरी खुर्चीमागे तशीच उभी होती. तिच्याकडे आता पडद्यावरचा आकडाच उरला होता, आणि तो खाली येत होता. साठ. पंचावन्न. मी माझे काम चोख करत होतो.

मित्रांनो, माझ्यावरून एवढे शिका. हंगाम संपला की कॅबिनेट उघडा आणि माझ्यासारख्यांच्या फटींतली धूळ ब्रशने काढा. देव्हाऱ्यातली वस्तू देव्हाऱ्यात ठेवा, श्वासाच्या वाटेवर ठेवू नका. फुकट आला म्हणून कोणाला वाईट ठरवण्याआधी त्याच्या छातीत काय अडकले आहे ते पाहा. आणि नवा कूलर घ्यावाच लागला तर उंची मोजून घ्या, तळाची पट्टी काढा आणि तो स्वतःच्या हाताने बसवा. दुसरा कोणी बसवत असेल तर पापड जळू द्या, पण शेजारून हलू नका. तो सख्खा भाऊ असला, तर मुळीच हलू नका.