आसऱ्याच्या कचेरीतला कान

मी एक जुना रेकॉर्डर आहे, मित्रांनो, मुठीत मावेल एवढाच. अंगाला एक लाल बटण, पोटात थोडी जागा आणि बाकी सगळा कान. पण मी कुणाची गाणी टिपली नाहीत की भाषणं टिपली नाहीत. जर्मनीच्या उत्तरेला एका छोट्या गावात, जुन्या लष्करी बराकीत, सरकारची एक कचेरी आहे. जीव वाचवायला पळून आलेल्या माणसांना इथं राहू द्यायचं की परत धाडायचं, हे तिथं ठरतं. तिथल्या टेबलावर माझा सारा जन्म गेला. आजही ते दिवस आठवले की धडकी भरते.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी केवढ्या ऐटीत होतो! "याचा कान भारी तिखट आहे," अशी शाबासकी तपासणाऱ्या बाईनं दिली होती. एखाद्या गवयाच्या खिशात जाईन अशी स्वप्नं मी पाहत होतो आणि नशिबी आली ती ही खोली. पांढऱ्या भिंती, कधी न उघडणारी खिडकी आणि टेबलावर डोळे पुसायला कागदी रुमालांचा डबा. तो डबा लवकर संपायचा.

तिथली रीत सांगतो. आलेला माणूस आपल्या भाषेत बोलतो आणि दुभाषा ते जर्मनमध्ये सांगतो. मग अधिकारी फ्राउ हेल्मके, म्हणजे हेल्मकेबाई, माझं बटण दाबून तेच आपल्या शब्दांत बोलतात. म्हणजे माझ्या पोटात जायचा तो त्यांचाच आवाज. तो ऐकून टायपिस्ट सगळं कागदावर उतरवायची. बटण वर असताना, म्हणजे मी बंद असताना, कुणी रडलं, कुणी गप्प बसलं, तर ते मी नुसतं ऐकायचो. निकाल द्यायचे वरच्या मजल्यावरचे हेर ब्रोकमान, म्हणजे ब्रोकमानसाहेब. त्यांनी त्या माणसाचं तोंडही पाहिलेलं नसे. ते फक्त टाइप झालेलं वाचायचे.

फ्राउ हेल्मके दुष्ट नव्हत्या हो. समोरच्याला पाणी स्वतः ओतून द्यायच्या. माझ्यावर तर त्यांचा जीवच होता. "हा माझा म्हातारा कधी दगा देत नाही," असं म्हणत मला रुमालानं पुसायच्या. मला तेव्हा फार बरं वाटायचं. आता त्या कौतुकाची लाज वाटते.

एका सकाळी इथिओपियातल्या टिग्रायहून आलेली अब्रेहेत समोर बसली. खांद्यावर पांढरी शाल, हात मांडीवर घट्ट धरलेले. तिची लेक सेनाइत बाहेर व्हरांड्यात चित्रं रंगवत होती. दोघींना इथं राहता येईल की नाही, हे त्या दिवसाच्या बोलण्यावर ठरणार होतं. दुभाषा वेल्डू दुसऱ्या शहरात होता. त्याचा आवाज टेबलावरच्या फोनमधून येत होता.

अब्रेहेत बोलत राहिली. सैनिक आले, नवऱ्याला ओढत नेलं, घर पेटवलं. बोलून बोलून तिचा घसा सुकला. तेव्हा फ्राउ हेल्मकेंनी विचारलं, "नवऱ्याला मारताना तुम्ही स्वतः पाहिलंत का?"

अब्रेहेतच्या भुवया वर गेल्या, डोळे मोठे झाले आणि तिनं तोंडानं झटकन श्वास आत ओढला. बस्स.

"काय म्हणाल्या?" फ्राउ हेल्मकेंनी फोनला विचारलं.

"मला तर काही ऐकू आलं नाही," वेल्डू म्हणाला.

"राहू दे. घाबरल्यात बिचाऱ्या. अशा माणसाला खोदून विचारू नये." त्यांनी पुढचा प्रश्न घेतला. "परत गेलात तर ते तुम्हालाही मारतील असं वाटतं का?"

पुन्हा तोच झटकन आत गेलेला श्वास. फ्राउ हेल्मकेंनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला आणि माझं बटण दाबलं. "कंसात घ्या. अर्जदार दोन्ही प्रश्नांना दचकली. उत्तर दिलं नाही."

दुपारी टाइप झालेली जबानी वेल्डूनं फोनवर तिला तिच्या भाषेत वाचून दाखवली. ही इथली रीतच आहे. चूक असेल तर ती तिथंच सुधारायची. पण कंस आला की तो आतलं न वाचताच पुढं सरके. "ताई, हे साहेबलोकांचं आपसातलं असतं. तुमचं बोलणं नाही," असं तिला म्हणाला. अब्रेहेतनं विश्वासानं सही केली. जाताना तिनं फ्राउ हेल्मकेंचा हात दोन्ही हातांत धरला.

काही आठवड्यांनी हेर ब्रोकमाननी मलाच उचललं. त्यांचा आवाज शांत होता. "मुख्य प्रश्नांना अर्जदाराकडे उत्तर नाही. धोका पटत नाही. अर्ज नामंजूर." मी शब्द न् शब्द बिनचूक टिपला. ओरडता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

मग हिवाळा आला. एक दिवस वेल्डू पहिल्यांदाच स्वतः कचेरीत आला. फ्राउ हेल्मके किटली घेऊन उभ्या होत्या. "कॉफी घेणार ना?"

वेल्डूनं भुवया उंचावल्या आणि झटकन श्वास आत ओढला.

"अहो, काय झालं? कुठं दुखतंय का?"

"छे हो बाई! 'हो' म्हटलं मी," तो हसत सुटला. "आमच्याकडं असंच म्हणतात. माझ्या आईचं विचाराल तर दिवसभर श्वासावरच कारभार!"

फ्राउ हेल्मकेंनी किटली खाली ठेवली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी वरच्या मजल्यावर फोन लावला. "ती टिग्रायची बाई... लेक होती बघा बरोबर... तिचं काय झालं?"

"ती होय? परवाच्या विमानात बसवलं दोघींना," हेर ब्रोकमान म्हणाले. "कोर्टानंही आपलंच खरं धरलं. का हो?"

त्यांनी फोन ठेवून दिला. वेल्डूचं हसू विरलं. कुणाबद्दल चाललंय ते त्याला कळलं होतं, आणि तो खाली मान घालून उभा राहिला.

पुढं कचेरीत नवी यंत्रं आली आणि मी खणात जाऊन पडलो. आता मला कुणी पुसत नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. मित्रांनो, माझी काळजी नाही घेतलीत तरी चालेल. एवढंच मागतो, की तुमच्यासमोर कुणी गप्प राहिलं तर त्याच्याकडे उत्तर नाही असं लगेच ठरवू नका. जवळ जा, पुन्हा विचारा. अब्रेहेतनं दोन्ही वेळा उत्तर दिलं होतं. तिला पुन्हा कुणी विचारलंच नाही.