ओढ्याअलीकडची रेषा

पौषातली सकाळ. ऊन आधी पश्चिमेच्या सपाट डोंगरमाथ्यावर आले. मग खडकांच्या पायऱ्या एकेक करून उतरत, प्रत्येकीला हळदीचे बोट लावत, बोरींच्या धूसर जाळीतून ओढ्याकाठी येऊन बसले. रोजचेच ऊन, निर्हेतुक, मंदपीत, कुणाचीही वाट न पाहणारे.

त्या उन्हात निशिकांत एकटा उभा होता. हाती हातोडा, गळ्यात होकायंत्र, छातीशी नकाशाचा पुठ्ठा. साक्रीच्या माळावर भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांची छावणी पडून बारा दिवस लोटले होते. ओढ्याअलीकडचा पट्टा त्याचा, पलीकडचा अनुजाचा. मध्ये ते कृशजल, मौनजल.

देवरे सरांचा शिरस्ता कडक होता. पायांनी गाठलेला खडक तेवढा अखंड रेषेने काढायचा, तर्काने जाणलेला तुटक रेषेने. आणि एकाची रेषा दुसऱ्याच्या पट्ट्यात शिरली, तर दोघांनी मिळून ती चालून पाहायची.

अनुजाच्या पट्ट्यात काळ्या खडकाची भिंत होती, पृथ्वीच्या पोटातून वर आलेली, नीलकृष्ण, निश्चल. ती ओढ्यापाशी येऊन संपत होती. काल सायंकाळी निशिकांतने ती आपल्या काठावर आणली. पेन्सिलीने. अखंड रेषेने. बारा दिवसांत ज्याला ‘बरोबर चल’ एवढे म्हणता आले नव्हते, त्याने ते दगडाकडून वदवले.

आता अनुजा ओढा ओलांडून आली होती, आणि दोघे ती रेषा चालत होते. ती पुढे, तो मागे. काळी माती, वाळले कुसळ, पुन्हा काळी माती. अजून थोडे पुढे, तो म्हणत राहिला. माती सरू नये असे त्याला वाटे. एखाद्या तरी काळ्या दगडाने माथा वर काढावा, असेही वाटे.

बोरीपाशी ती थांबली.

“निशिकांता, तुझी भिंत चरायला गेली की काय रे?”

तो हसला नाही. तिचेही हसू हळूहळू विझले.

“तू इथं आला होतास?”

होकायंत्राची सुई थरथरली, थरथरून उत्तरेला थांबली.

“नाही.”

तिने खिशातले खोडरबर त्याच्या हातावर ठेवले.

“पुसून टाक. सरांनी बघायच्या आत.”

स्वरात राग नव्हता. राग असता, तर तो तरी त्याचा झाला असता.

ती ओढा ओलांडून गेली. त्याने रेषा पुसली. रबराचे काळसर कण वाऱ्याने उचलले, कुसळांवर, मातीवर, पाण्यावर विखुरले. कागदावर उरली एक रिती, खोलगट खूण, आणि त्या खुणेत ऊन. पलीकडून हातोड्याचा घाव आला. थांबून, आणखी एक.

ती खडकासाठी आली होती.